साबूच्या मानेतली गाठ

श्री बिरोबा प्रसन्न

माळवस्ती, ता. आटपाडी
१६ जून २०२४

ईनबाई संयोगिताबाई यांस पाचगणी मुक्कामी अंबूबाईचा सा.न.वि.वि.

पत्र लिव्हायला कारन की तुमचा साबू हितं सुखरूप पोचला. आमच्या आप्पासोनं त्याला सगळी वाट मांडीवर घेतलं हुतं. म्हनला, आई, माझ्या पोटच्या लेकीला मी येवढा येळ मांडीवर घेतलं न्हाई. उंब्रजला च्याला थांबल्यावर साबूनं शेजारच्या मानसाच्या ताटलीतली भजी खाल्ली, आनि तो मानूस भांडायचं सोडून त्याच्यासंगं फोटू काढत बसला. पांढरं फेक कुत्रं, कापसाच्या बोंडावानी, त्यात दोन काळं डोळं. सगळी वस्ती बघायला लोटली. येक म्हातारी म्हनली, आवं, ह्याचं तोंड कंच्या अंगाला?

फोन केला असता. पन तुमचा डावा कान आनि माझा आवाज ह्यांचं काय जमत न्हाई. मागल्या बारीला मी गुडघा कसा हाय म्हनून इचारलं, तर तुमी दोनशे रुपय किलो म्हनला. त्यापरीस पत्र बरं. मी तिसरीपतोर शिकले, मग मेंढरामागं गेले, पन अक्षर मोडलं न्हाई. तुमी मास्तरीनबाई, काय चुकलं असंल तर लाल पेनानं सुधारून घ्या, पन माघारी धाडू नका.

पाचगणीच्या पावसात ह्याच्या केसाला बुरशी येती म्हनून तुमी त्याला आमच्या कोरड्या मुलखात धाडलं, हे ब्येस केलं. हितं पावसाला पत्रिका धाडली तरी तो येत न्हाई.

आता कामाचं. पयलं बाळातपन म्हायारचं. आमच्या आप्पासोची लेक, तुमची सून अपेक्षा, चार वर्साची असताना तिची आई गेली, तवापासनं तिचं म्हायार म्हंजे मी. आता ह्या दिवसात तिला इमानात बसू नको म्हनून डाक्टरनं सांगितलंय. मग म्हायारानंच तिच्याकडं जर्मनीला जायाचं. सप्टेंबरात मी निघनार आनि संगं तिनं तुमच्यापाशी ठिवल्याला साबू नेनार. ती फोनवर म्हनली, आजी, तू आनि साबू दोघं जवळ असला की मला कळा सुदीक सोसतील. मला जरा राग आला, माझं नाव कुत्र्यासंगं घेतलं म्हनून. मग म्हनलं जाऊ दे, आदी माझं घेतलं.

तुमी आप्पासोजवळ निरोप दिला की साबूची चीप जिवापल्याड जपा, ती गेली तर सगळं गेलं. ईनबाई, बिनघोर ऱ्हावा. आल्या आल्या मी त्याच्या गळ्यातला पट्टा काढला, फडक्यात गुंडाळला आनि ट्रंकेत माझ्या बोरमाळंच्या डबीशेजारी ठिवला. किल्ली माझ्या कंबरंला.

कानात कोमट तेलाचा थेंब घालत जावा. माया हाय तशी ऱ्हाऊ द्या, अजून काय मागत न्हाई.

तुमची
अंबूबाई


॥ श्री ॥

पाचगणी
२५ जून २०२४

ती. अंबूबाईंस संयोगिताचा शि.सा.न.वि.वि.

आपले पत्र मिळाले. चुका मोजायला घेतल्या होत्या, पण दुसऱ्या परिच्छेदात हसू आले आणि मोजणी सुटली. तेव्हा यावेळी आपण पास आहात.

इकडे पंधरवडा झाला, सूर्य दिसलेला नाही. अंगणात धुके, घरात धुके आणि चष्म्यावरही धुके. साबू तिकडे आहे तेच बरे. मात्र त्याला भजी देऊ नयेत. उकडलेली कोंबडी, मीठ न घालता, आणि मऊ भात. आपल्याकडे पाहुण्याला नको म्हणण्याची पद्धत नाही हे मला माहीत आहे, पण हा पाहुणा आजारी पडला तर विमानात चढणार नाही.

आपण विचारले नसले तरी सांगते, कारण समजावून सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही. तिकडचा नियम असा की कुत्र्याला आधी चिप, मग रेबीजची लस, त्यानंतर महिन्याने रक्त काढून परदेशातल्या मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. लशीचा गुण पुरेसा आला आहे असे त्यांनी लिहून दिले, तरी रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचे. यातला क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्यात मी आधीच एकदा आपटले. लस टोचून आणली आणि मग चिप बसवली. डॉक्टर म्हणाले, बाई, चिपेच्या आधीची लस तिकडे धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला टोचली कशावरून? पुन्हा टोचावी लागली. पायऱ्या गाळू नका, पायऱ्या गाळू नका असे मुलांना ओरडण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि मी स्वतः दुसरी पायरी आधी लिहिली.

आता मात्र सगळे मार्गी लागले आहे. मे महिन्याअखेरीस काढलेल्या रक्ताचा निकाल कालच आला, उत्तम आहे. ऑगस्ट सरताना तीन महिने भरतील. मग सरकारी पशुवैद्यकांचा दाखला, मुंबईच्या कार्यालयाची ना-हरकत, आणि तुम्ही दोघे आकाशात. बाळंतपण सप्टेंबरच्या शेवटी आहे, म्हणजे वेळ हाताशी आहे. फक्त तो चिपेतला पंधरा आकडी नंबर जपा. यंत्र फिरवल्यावर नंबर उमटला नाही, तर साबू म्हणजे कागदोपत्री कोणीच नाही.

पट्टा ट्रंकेत का ठेवलात ते कळले नाही. तुमच्याकडे जनावर मोकळे ठेवत असतील. पण बोरमाळेशेजारी जागा! एवढा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

आपल्या पासपोर्टचे काय झाले ते कळवावे. आशीर्वादाचा हात डोक्यावर असाच असू द्यावा.

आपली
संयोगिता


श्री बिरोबा प्रसन्न

माळवस्ती
२४ जुलै २०२४

ईनबाई संयोगिताबाईंस अंबूबाईचा सा.न.वि.वि.

तुमचं पत्र पोचलं. अक्षर असं की वाटलं छापखान्यातनं आलं. वाचाया जीव भीत हुता.

माझा पासपोर्ट आला! फोटूत मी लय रागात दिसतीया. तिथली पोरगी म्हनली आजी हसू नका, तर मी येवढी न हसले की जावईबापूंनी फोनवर बघून इचारलं, आजी, कुनी काय बोललं का? जल्मतारीख एक जून पडली. आमच्या वस्तीवरली समदी म्हातारी मानसं एक जूनलाच जल्मली हायती. त्या दिवशी सुईनीला घास खायाला सवड घावली नसंल. साबूचं बघा, त्याची खरी तारीख हाय, आईबाचं नाव हाय, कागदाची येवढी थप्पी हाय. त्याच्याम्होरं मी म्हंजे वाटंवर घावल्याली.

साबू आता आमचाच झालाय. तुमची उकडल्याली कोंबडी चार दिस दिली. मग तो शेजारी जाऊन बाजरीची भाकरी आनि ताक खाऊन आला. मी मारलं न्हाई. कोंबडी कुत्र्याला आनि भाकरी मानसाला, हे बघून आप्पासो बी जरा उदास झाला हुता.

आता खरी खबर. आकाडात आमची मेंढरं कातरायची असत्यात. बिराप्पा कातरी घेऊन आला. साबू सावलीला पडला हुता, जीभ हातभर भायेर, अंगावर येवढं केस, मला बघवंना. बिराप्पाला म्हनलं, ह्याला बी घे रांगंत. त्यो म्हनला, मामी, ह्या जातीचं मेंढरू मी पयल्यांदा बघतोय. पन कातरलं झकास. आतनं काय निघालं म्हनता? येवढंसं गुलाबी उंदराचं पिल्लू! ते आपलंच अंग बघून लाजलं आनि दिसभर खाटंखाली बसलं. कातरल्यावर आमी मेंढराच्या पाठीवर निळा पट्टा वढतो, दुसऱ्याच्या कळपात मिसळू न्हाई म्हनून. बिराप्पाच्या हाताला वळनच तसं, त्यानं साबूच्या बी पाठीवर वढला. रंग पक्का हाय, भ्या न्हाई.

आनि येक सांगते, तुमी मला शाबासकी द्याल. कातरल्यावर आमी येकेक जनावर मानंपासनं शेपटीपतोर चाचपून बघतो. केसाखाली गोमाशीचा किडा दडल्याला असतो, गाठ लागली की कोचून काढायचा आनि हळद भरायची. माझ्या सासूनं शिकवल्यालं. तसंच मी साबूला चाचपलं. तर मानंखाली, दोन फऱ्यांच्या मधी तांदळाएवढी गाठ! तुमच्या पाचगणीच्या डाक्टरच्या ध्यानात आली नसंल, केस लय हुतं. कातरीच्या टोकानं इवलं कोचलं, दाबलं, पटदिशी भायेर. किडा बी कसला, काचंवानी चकाकनारा. पाचगणीच्या किड्याचा बी थाट निराळा. दिला उकिरड्यावर फेकून. साबू कुई सुदीक म्हनला न्हाई.

तुमची चीप बी शाबूत हाय. दर सोमवारी ट्रंक उघडून पट्टा बघते, उदबत्ती दावते.

आठवन काढत जावा, मी बी काढते.

तुमची
अंबूबाई


स्पीड पोस्टाने

पाचगणी
२९ जुलै २०२४

ती. अंबूबाईंस शि.सा.न.वि.वि.

अंबूबाई, चिप पट्ट्यात नसते. चिप कातडीखाली असते. जाड सुईने मानेजवळ बसवतात. ती काचेची असते. ती तांदळाएवढी असते.

तुम्ही उकिरड्यावर फेकलात तो किडा नव्हता. तो साबूचा नंबर होता.

तुमचे पत्र वाचून मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही व्हय व्हय, काढली काढली असे आनंदाने सांगितलेत, त्यापुढचे मला ऐकू आले नाही, आणि माझे ओरडणे ऐकून आमच्या शेजारी मात्र चार माणसे जमली.

उकिरडा हलवू देऊ नका. साबूला लगेच आटपाडीच्या डॉक्टरांकडे न्या, जखम दाखवा आणि पुढे काय करता येईल ते विचारा. दोष तुमच्या एकटीचा नाही. मी तुम्हाला लस सांगितली, रक्त सांगितले, तीन महिने सांगितले, पण चिप कुठे बसवली आहे हे एक वाक्य लिहिले नाही. उत्तर तपासणाऱ्या बाईने प्रश्नच अर्धा घातला.

अपेक्षाला मी अजून काही बोललेले नाही. निळ्या पट्ट्याबद्दल मी आज काहीही लिहीत नाही.

धीर सोडू नये.

आपली
संयोगिता


श्री बिरोबा प्रसन्न

माळवस्ती
८ ऑगस्ट २०२४

ईनबाईंस अंबूबाईचा नमस्कार, जास्तीचा.

तुमचं पत्र आप्पासोनं वाचून दावलं. मला वाचाया येत हुतं, पन डोळ्यापुढं अक्षर ठरंना. मी ट्रंक उघडली, पट्टा काढला, उलटापालटा केला. नुसता पट्टा वो. येवढं दीस मी त्याला उदबत्ती दावली.

मग सगळी वस्ती उकिरड्यावर उतरली. बायांनी सुपं आनली, चाळन्या आनल्या. शेनखत चाळून चाळून येवढं मऊ केलं की आप्पासो म्हनला, औंदा शेतात पसरायची सोय झाली. हसायचं सुचतं म्हनून मी त्याच्यावर खेकसले. पन दाना घावला! ऊन तिरकं पडल्यावर येका सुपात चकाकला. बिराप्पाची बायको किंचाळली, सगळ्यांनी भंडारा उधळला, साबू पिवळा झाला.

मी तो दाना धुतला, कापसात घातला, बटव्यात ठिवला आनि पयल्या गाडीनं आटपाडीला जयपाल डाक्टरकडं गेले. म्हनलं, डाक्टर, हे हुतं तितं परत घाला. डाक्टरनं त्यावर मशीन फिरवलं. टुंय वाजलं आनि नंबर उमटला. मी हात जोडलं. तवा डाक्टर म्हनलं, आजी, लोकं कुत्रं घेऊन येत्यात आनि नंबर बघा म्हनत्यात. तुमी नंबर घेऊन आला आनि कुत्रं घरी ठिवलं. मग त्यांनी चष्मा काढला आनि डोळं पुसत हसत बसले. चांगला मानूस हाय, पन मला त्या दिवशी आवडला न्हाई.

हसून झाल्यावर त्यांनी खरं सांगितलं. आता हा दाना चालत न्हाई. जुन्या नंबरावरली लस, जुन्या नंबरावरलं रक्त, सगळं ह्या दान्याबरूबर भायेर आलं. नवी चीप, नवी लस, महिन्यानं रक्त, मग तीन महिनं. म्हंजे डिसेंबर. लेकरू तर सप्टेंबरात येनार. दुसऱ्या दिशी साबूला नेऊन चीप बसवली, तीच सुई दाखवा म्हनलं. सुई बघून मी डोळं मिटलं, साबूनं न्हाई मिटलं. लस बी तितंच टोचली. चीप आदी, लस मागनं. मी दोनदा इचारलं.

ईनबाई, आमच्यात येक रीत हाय. ज्याच्या हातनं मेंढरू चुकलं त्यानंच ते हुडकून कळपात आनायचं. दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं न्हाई, मग आपल्या घरी लगीन असू दे न्हाईतर काय बी. साबू माझ्या हातनं चुकला. त्याला पोरीच्या दारात मीच पोचवनार, डिसेंबरात. बाळातपनाला तुमी जावा. पयलं बाळातपन म्हायारचं, ते मी माझ्या हातानं सासरच्या वट्यात घालतीया. लिव्हताना बोट जरा अडलं, पन लिव्हलं.

अपेक्षाला मीच फोनवर सांगितलं. ती हसली, मग रडली, मग परत हसली. रडली ती साबूसाठी का माझ्यासाठी हे इचारायचं धाडस झालं न्हाई.

रागवा, पन पत्र तोडू नका.

तुमची
अंबूबाई


॥ श्री ॥

पाचगणी
१७ ऑगस्ट २०२४

ती. अंबूबाईंस शि.सा.न.वि.वि.

तुमचे पत्र वाचून मी एक लांबलचक उत्तर लिहिले होते आणि फाडले. त्यात असे होते की तुमचा मान मी घेणार नाही, तुम्हीच सप्टेंबरात जा, साबूला मी सांभाळते आणि डिसेंबरात मीच नेते. पण तुमची रीत वाचल्यावर माझी पंचाईत झाली. मानापानावरून भांडलेल्या विहिणी मी पुष्कळ पाहिल्या. एकमेकींच्या गळ्यात मान घालण्यासाठी भांडणाऱ्या आपण दोघीच असू.

शेवटी निवाडा तुमच्या नातीने केला. काल तुमच्या जावईबापूंच्या, दिग्विजयच्या, फोनवर मला बोलावून घेतले आणि हळू, स्पष्ट, उजव्या कानात बोलली. म्हणाली, आई, भेटीला येणाऱ्याला इथे एका दमात नव्वदच दिवस राहू देतात. आजी ठरल्याप्रमाणे आली असती तर डिसेंबरात घर रिकामे झाले असते. आता तुम्ही आधी या, तुमचे दिवस संपले की आजी साबूला घेऊन येईल. आजीने ती गाठ काढली म्हणून मला दुप्पट दिवस माणूस मिळतेय, तेव्हा तिला कुणी बोलायचे नाही.

म्हणजे तुम्हाला बोलायची मला बंदी आहे. म्हणून निळ्या पट्ट्याबद्दल याही पत्रात काही लिहीत नाही.

मी जाते. पण एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. मला तान्हे मूल न्हाऊ घालता येत नाही. दिग्विजयला घालायला बाई येत असे आणि मी दारात उभी राहून डोळे झाकत असे. पहिलीचा वर्ग मी एका नजरेत गप्प बसवते, पण सहा वर्षांच्या आतले मूल माझ्या हातात ठरत नाही. सुनेला हे कळले तर काय म्हणेल? कृपा करून कसे घालायचे ते सविस्तर लिहा. चुका काढणार नाही.

आपली
संयोगिता


श्री बिरोबा प्रसन्न

माळवस्ती
५ सप्टेंबर २०२४

ईनबाईंस अंबूबाईचा सा.न.वि.वि.

पयलं शुभ. साबूचं रक्त काल काढलं. नवी चीप मी रोज सकाळी बोटानं हळूच बघते, हाय का. साबूला वाटतं मी लाड करते. वाटू दे.

आता न्हाऊ घालायचं. काय भ्यायचं न्हाई. खाली बसायचं, पाय लांब करायचं, दोन पायांच्या मधल्या पन्हाळीत लेकरू पालथं. पानी बोटानं बघायचं न्हाई, कोपरानं बघायचं. बोटाला आपली सवय झाल्याली असती, ते खोटं बोलतं. तेल टाळूवर आदी. डोक्यावर पानी घेताना कपाळावर आडवा हात धरायचा, डोळ्यात जाऊ द्यायचं न्हाई. रडलं तर रडू द्यायचं, रडतं ते लेकरू भुकंजतं आनि झोपतं. आनि सगळ्यात मोठं सांगते, तोंडानं काय तरी बोलत ऱ्हावा. तुमचा हात कापला तरी आवाज कापू देऊ नका. लेकरू आवाजावर पडून असतंय.

हळिवाचं लाडू केलं हुतं, पन दुधातुपाचं तिकडं नेऊ देत न्हाईत म्हनं. कुत्र्याला कागद करून चालतं, लाडवाला कागद करून बी चालत न्हाई! आमी वस्तीवर वाटून टाकलं. हळीव तेवढं कोरडं पिशवीत धाडलंय, चालतंय का इचारून घ्या, न्हाईतर तुमीच खावा.

तितं ती माझं नाव काढून रडली तर म्हनावं, आजी वाटंत हाय.

तुमची
अंबूबाई


जर्मनी मुक्काम
३ ऑक्टोबर २०२४

ती. अंबूबाईंस शि.सा.न.वि.वि.

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. नाक तुमचे आहे, रागही तुमचाच दिसतो.

तुमचे पत्र मी न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवले आहे. इथल्या सुईणबाई घरी येतात, भल्या आहेत. त्यांनी सांगितले की अंघोळ आठवड्यातून दोनदा पुरे. मी हसून मान डोलावली आणि कडी लावून रोज घालते. हात कापला. आवाज कापू दिला नाही. बोलायला काही सुचेना तेव्हा बेचा पाढा म्हटला. बाळ गप्प ऐकत राहिले. अपेक्षा दाराबाहेर उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, आई, तुम्हाला कुणी शिकवले? मी म्हटले, तुझ्या आजीने, टपालाने. मग ती माझ्या गळ्यात पडून तुमच्या नावाने रडली.

तुम्ही वाटेत आहात, असे मी सांगितले.

आपली
संयोगिता


श्री बिरोबा प्रसन्न

माळवस्ती
१९ मार्च २०२५

ईनबाई संयोगिताबाईंस अंबूबाईचा सा.न.वि.वि.

परवा घरी पोचले. तुमचं इमान हिकडं येताना आनि माझं तिकडं जाताना आपली आभाळात चुकामूक झाली, म्हनून सगळं आता लिव्हते. तितनं लिव्हीन म्हनलं हुतं, पन बाळीनं माझा हात मोकळा सोडला न्हाई.

मुंबैला ना-हरकत देनाऱ्या सायबानं साबूला बघितलं आनि फोटू बघितला. फोटूत कापसाचा गठ्ठा, समोर अर्ध्या केसाचं कुत्रं, पाठीवर फिक्कट निळं. म्हनले, आजी, हे तेच का? म्हनलं, तेच. निळं काय हाय? म्हनलं, आमच्या कळपाची खून. त्यांनी मशीन फिरवलं, नंबर जुळला, सही केली आनि शिपायाला बोलवून साबू दाखवला. इमानात तो माझ्या पायाशी पिशवीत गप पडला. मी न्हाई पडले, मला खिडकी घावली हुती. तिकडं उतरल्यावर चाकाच्या खुर्चीत मला बसवलं, मांडीवर साबू. जनावर आनल्यालं सांगायचं दार येगळं असतंय, तितं येका उंच बाईनं मशीन आनलं. ती मानंवर फिरवायला लागली आनि वाजंना. मग जरा खाली खांद्याकडं नेलं, तवा वाजलं. चीप आतल्या आत सरकती म्हनं कवा कवा. त्या बाईनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई, आनि मी तिला वाकून नमस्कार केला.

भायेर अपेक्षा बाळीला घेऊन उभी. पयल्यांदा ती साबूला हाक मारत खाली बसली, येक हात पसरून. आनि साबू माझ्या लुगड्यामागं दडला.

ईनबाई, मला वाटलं भुई फाटावी. पोरीच्या तोंडाकडं बघवंना. तिनं लहानाचं मोठं केल्यालं कुत्रं, तिची हाक ऐकून ते माझ्या तोंडाकडं बघायचं, जाऊ का म्हनून. ती खायाला घालायची, ते मी हूं म्हनल्याबिगर तोंड लावायचं न्हाई. माझ्या खाटंखाली झोपायचं. येक दिस ती हसत हसत म्हनली, आजी, तू ह्याला घेऊनच जा परत, हितं तुझ्यामागं उपाशी मरंल. हसत म्हनली, पन बाळीला पाजताना तिकडं तोंड करून बसली.

येवढी धडपड कशापायी केली मी? पोरीचं कुत्रं पोरीला द्यायला, आनि दिलं तर माझंच करून दिलं.

मग मी ठरवलं. कोकरू आईपासनं तोडताना आमी करतो तसं केलं. त्याच्याशी बोलनं सोडलं. भाकरी पोरीच्या हातनं. फिराया जावईबापू. माझ्या खोलीचं दार बंद. तो दाराला नाक लावून बसायचा आनि मी आत तोंडात पदर कोंबून बसायचे. जावईबापूंनी अपेक्षाला इचारलं म्हनं, आजी साबूवर का रुसल्यात? पोरगी शहानी हाय, तिला कळलं.

माझं दार काय उघडंना, तवा तो जागा हुडकत हिंडला आनि बाळीच्या पाळन्याखाली जाऊन पडला. ती रडली की उठायचा, जाऊन अपेक्षाच्या पायाला नाक लावायचा, परत येऊन पडायचा. पोरगी म्हनायची, हो रे बाबा, आले. तिच्या हाकंनं तो शेपटी हालवाय लागला. मग तिच्या हातनं खाल्लं, माझ्याकडं न बघता.

निघायच्या दिशी मी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी ऱ्हायले. बाळी झोपल्याली, खाली साबू. माझ्या चपलंचा आवाज त्यानं ऐकला. येक कान उभा केला, मान काय वर केली न्हाई. मी हाक मारली असती तर आला असता. म्हनून मारली न्हाई.

उन्हाळ्यात हिकडं या, मेंढरं दाखवीन. आनि दुसरं काय धाडू नका, आठवन तेवढी धाडा.

तुमची
अंबूबाई